निळ्या बाणामागची वाट

दक्षिण इंग्लंडमध्ये विंचेस्टरपासून समुद्रकाठच्या ईस्टबोर्नपर्यंत जाणारी १६० किलोमीटरची एक वाट आहे. साउथ डाउन्स वे हे तिचं नाव. या सबंध वाटेवर समुद्रसपाटीपासून २७१ मीटरपेक्षा उंच अशी एकही जागा नाही. आपलं पुणं याच्या दुप्पट उंचीवर वसलेलं आहे. तरीही ही वाट सायकलवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत केली, तर चढांची बेरीज साडेतीन हजार मीटरच्या पुढे जाते. म्हणजे समुद्रापासून कळसूबाई दोनदा चढून गेल्यावरही थोडा चढ शिल्लकच. काही हौशी सायकलस्वार हे सगळं एका दिवसात उरकतात आणि रात्री जिना उतरताना कठडा धरतात.

पर्वत म्हणावं असं जिथे काहीच नाही, तिथे माउंटन बायकिंग चालतं कसं, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून मजेशीर. ही वाट आणि तिच्यासारख्या हजारो वाटा सायकलींसाठी कुणी आखलेल्याच नाहीत. मग त्या आल्या कुठून? याचं उत्तर शोधायला निघालं की समुद्रातले सूक्ष्म जीव, मध्ययुगातले बैल, बिअर गाळणारा एक हट्टी माणूस आणि संसदेत मंजूर झालेलं एक छोटंसं कलम अशी भलतीच मंडळी भेटत जातात.

आधी कायदा, मग सायकल

इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक वहिवाटीच्या वाटांचं जाळं सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचं आहे. या वाटा बहुतांशी खासगी जमिनीतून जातात. शेत मालकाचं, त्यातला गहू मालकाचा, मेंढ्याही मालकाच्या. पण मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावरून जाण्या-येण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा. मालक शेत विकू शकतो, पण आपल्या मर्जीने वाट बंद करू शकत नाही. १९४९ च्या कायद्याने या वाटांचे अधिकृत नकाशे तयार करायला लावले. नकाशात नसलेली एखादी वाट लोकांनी वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता आणि कुणी न अडवता वापरली असेल, तर तीही सार्वजनिक ठरू शकते.

या वाटांच्या जाती आहेत आणि जात ओळखायची ती फाटकावरच्या किंवा खांबावरच्या बाणाच्या रंगावरून. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा बाण म्हणजे ब्रिडलवे, घोडेस्वारांची वाट. सगळ्या जाळ्याचा साधारण पाचवा हिस्सा ब्रिडलवेंचा आहे. रेल्वे आणि मोटार येण्याआधी डॉक्टर, पाद्री, व्यापारी घोड्यावरून ज्या वाटांनी गावोगाव फिरायचे, त्यातल्या कितीतरी वाटा आज निळा बाण मिरवतात.

सायकलला या वाटांवर हक्काने जाता येऊ लागलं ते १९६८ मध्ये. त्या वर्षीच्या कंट्रीसाइड ॲक्टच्या तिसाव्या कलमाने ब्रिडलवेवर सायकल चालवायची मुभा दिली. अट एकच घातली: पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची.

आता सन पुन्हा पाहा. १९६८ मध्ये माउंटन बाइक नावाची वस्तू जगात नव्हती. कॅलिफोर्नियातली काही मुलं जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन उताराच्या शर्यती लावू लागली ती १९७६ मध्ये, आणि अशा सायकली कारखान्यात घाऊक बनू लागल्या त्या १९८० च्या दशकात. इंग्लंडमध्ये मात्र खडबडीत वाटांवर साधीच सायकल दामटणारे, प्रसंगी ती खांद्यावर घेऊन चालणारे हौशी आधीपासून होते. त्यांनी १९५५ मध्ये हेरफर्डशायरमधल्या लेमिन्स्टर गावात रफ स्टफ फेलोशिप नावाचा क्लबही काढला होता. त्यामुळे पुढे जाड टायरची सायकल अटलांटिक ओलांडून आली तेव्हा हजारो किलोमीटरच्या वाटा तिच्यासाठी कायद्याने आधीच मोकळ्या होत्या. यंत्राची कल्पनासुद्धा नसताना त्याच्यासाठी रस्ता तयार असावा, असं क्वचितच घडतं.

त्याच कलमात एक कंजूष उपकलमही आहे. सायकलस्वारांची सोय व्हावी म्हणून वाटेत काही करण्याचं बंधन कुणावरही नाही, असं ते सांगतं. जायला हक्क आहे, पण दगड हलवून मिळणार नाहीत. साहजिकच वाटा खडबडीत राहिल्या आणि सायकलस्वारांना नेमकं तेच हवं होतं.

घोड्याचा वारसा फाटकांमध्येही दिसतो. ब्रिडलवेवरचं फाटक किमान पाच फूट रुंद असावं असा नियम आहे. पुष्कळ फाटकांना वरपर्यंत आलेला लांब दांडा असतो, म्हणजे स्वाराला खाली न उतरता खोगिरावरूनच कडी काढता येते. सायकलवर बसलेल्या माणसाचा हातही बरोबर त्याच दांड्याशी पोचतो. पिवळ्या बाणाच्या वाटेवर मात्र कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. तिथे सायकल अडते, आणि अडावीच. पायवाटेवर सायकल घालणं हा गुन्हा नसला तरी जमीनमालकाच्या हद्दीतली घुसखोरी ठरते.

समुद्राच्या तळावरून

साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर चाकाखाली जे पांढरं दिसतं तो खडूचा दगड. सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यात कॉकोलिथोफोर नावाचे एकपेशीय जीव तरंगत असत. त्यांच्या अंगावर चुन्याच्या बारीक तबकड्या असतात, प्रत्येक तबकडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. जीव मेला की तबकड्या तळाशी जायच्या. हा थर हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वाढे. असे थर शेकडो मीटर जाड साचले आणि पुढे जमीन उचलली गेल्यावर त्यांच्या टेकड्या झाल्या. सायकल दोन मीटरचा चढ चढते तेव्हा ती एक लाख वर्षांच्या किंवा त्याहून जास्त काळाच्या समुद्रावरून गेलेली असते.

त्याच समुद्रातल्या स्पंजांच्या सांगाड्यातली सिलिका विरघळून खडूच्या थरांत गाठीगाठींनी पुन्हा घट्ट झाली. हाच चकमकीचा दगड. अश्मयुगातल्या माणसाने त्याच्या कुऱ्हाडी केल्या आणि आजच्या सायकलस्वाराच्या टायरला तो चिरा पाडतो. पावसाळी दिवसांत तर जास्तच, कारण ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं.

खडू कोरडा असताना चाकाला छान धरून ठेवतो. त्यावर पाऊस पडला की वरचा थर साबणासारखा बुळबुळीत होतो. पाणी मात्र फार वेळ साचत नाही. खडू सच्छिद्र, त्यामुळे ते खाली झिरपून जातं. म्हणून या टेकड्यांच्या माथ्यावर ओढे जवळजवळ नाहीत. मेंढ्यांना पाणी मिळावं म्हणून धनगरांनी माथ्यावर चिकणमाती चोपून गोल तळी केली. ती अजूनही वाटेच्या कडेला दिसतात.

ओढे नाहीत, तर मग दऱ्या कुणी कोरल्या? ब्रायटनजवळची डेव्हिल्स डाइक ही खडूतली कोरडी दरी सुमारे शंभर मीटर खोल आहे आणि तिच्यातून एकही नदी वाहत नाही. लोककथा सांगते की सैतानाला समुद्राचं पाणी आत आणून चर्च बुडवायची होती, म्हणून त्याने एका रात्रीत हा चर खणायला घेतला. भूशास्त्राचं उत्तर कमी अद्भुत नाही. शेवटच्या हिमयुगात इथली जमीन खोलवर गोठलेली होती. खडूची छिद्रं बर्फाने बुजली होती. उन्हाळ्यात वितळणारं पाणी झिरपू शकेना, तेव्हा ते वरून धावलं आणि गाळ, दगड, माती घेऊन गेलं. जमिनीतला बर्फ वितळला, पाणी पूर्वीसारखं मुरू लागलं आणि दऱ्या कोरड्या राहिल्या. सव्वादोनशे मीटरच्या टेकडीवरून एकदम खाली आणि पुन्हा तितकंच वर, हा जो पाय मोडणारा खेळ साउथ डाउन्सवर चालतो त्याचं श्रेय त्या बर्फाला.

माणसांनी माथ्याची वाट का धरली, हेही यातूनच कळतं. उत्तरेकडच्या सखल वील्ड प्रदेशात चिकणमाती आणि दाट झाडी. हिवाळ्यात तिथे गाडीचं चाक रुतून बसे. माथा कोरडा, मोकळा, लांबवर दिसणारा. जुन्या काळचे प्रवासी आणि मेंढपाळ उंचावरून जात, ते पाय कोरडे राहावेत म्हणून. १९७२ मध्ये साउथ डाउन्स वे ही लांब पल्ल्याची अधिकृत वाट म्हणून खुली झाली आणि नंतर विंचेस्टरपर्यंत वाढली. तेव्हा नवीन काही बांधावं लागलं नाही, पाट्या लावाव्या लागल्या.

पश्चिमेकडच्या खडूवर अशीच आणखी जुनी वाट आहे, रिजवे. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून निघून ती १४० किलोमीटर जाते. तिचा थेम्सच्या पश्चिमेचा भाग सायकलला खुला आहे. त्या भागात वेलंड्स स्मिदी हे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं लागतं. पुढे अफिंग्टनला टेकडीच्या उतारावर ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा आहे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. चर खणून त्यात खडू ठासून तो काढलेला आहे. काही वर्षं दुर्लक्ष झालं तर गवत त्याला गिळून टाकेल. म्हणजे कितीतरी पिढ्यांनी वेळोवेळी गवत खुरपून नवा खडू ठोकला, म्हणून तो आज दिसतो. वाटांचंही तेच आहे. पावलं थांबली की काटेरी झुडपं दोन-तीन उन्हाळ्यांत वाट बुजवतात.

बैलांनी घडवलेल्या लाटा

मध्य इंग्लंडमध्ये, लेस्टरशायर, नॉर्दॅम्प्टनशायर, वॉरिकशायर या भागात कुरणातून जाणाऱ्या ब्रिडलवेवर एक विचित्र अनुभव येतो. समोर सपाट हिरवं गवत दिसतं आणि सायकल मात्र होडीसारखी वर-खाली होऊ लागते. संध्याकाळची तिरपी उन्हं पडली की कारण कळतं: सगळं कुरण समांतर वरंब्यांनी भरलेलं असतं.

हे सरी-वरंबे मध्ययुगातले. तिथला जड नांगर माती नेहमी एकाच बाजूला उलटवायचा. पट्ट्याच्या मध्याभोवती फेऱ्या घालत नांगरल्यामुळे दर वर्षी माती थोडी थोडी मधोमध सरकत गेली. शतकानुशतकं हे चाललं आणि पट्ट्याचा मध्य उंच झाला. नांगराला आठ-आठ बैल जुंपलेले असत. एवढा लांब ताफा शेताच्या टोकाला काटकोनात वळवता येत नाही, म्हणून टोक जवळ आलं की तो आधीपासूनच हळूहळू वळवत नेत. त्यामुळे पट्ट्यांना उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला. १३४८–४९ च्या प्लेगमध्ये माणसं मेली, नांगर धरायला हात उरले नाहीत, लोकर महाग झाली आणि पुष्कळ शेतांची कुरणं झाली. पुन्हा नांगर फिरला नाही तिथे ते वरंबे गवताखाली जसेच्या तसे राहिले. सातशे वर्षांपूर्वीच्या बैलांच्या वळणाचा बाक आज हँडलवर कळतो.

याच प्रदेशात काही ब्रिडलवे मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ असतात. त्यामागे दुसरा इतिहास आहे आणि तो तितका गोड नाही. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून गावांच्या सामाईक जमिनी कुंपणं घालून खासगी केल्या. गरिबांची चराई गेली, सरपण गेलं. अधिकाऱ्यांनी नकाशावर नव्या शेतांच्या चौकटी आखल्या आणि त्यांच्यामधून सरळ वाटा काढल्या. वळणावळणाची वाट जुनी आणि सरळसोट वाट या कुंपणबंदीच्या काळातली, असा ढोबळ अंदाज सायकलवर बसल्या बसल्या करता येतो.

दक्षिणेकडे सरे परगण्यात वाट जमिनीतच बुडालेली सापडते. तिथली ग्रीनसँड ही वाळूदगडाची जमीन मऊ. खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी ती उकरली, पावसाने वाहून नेली आणि वाट दर शतकात थोडी खाली गेली. आज काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या भिंती डोक्याच्या वर आहेत, त्यांतून बीच आणि ओकची मुळं लोंबतात आणि वर फांद्यांचं छत झालेलं असतं. चाकोरी म्हणतात ती इथे दोन पुरुष खोल असू शकते.

दहा मीटरांचं गणित

सरेच्या याच वाळूच्या टेकड्या आज इंग्रज माउंटन बायकर्सच्या लाडक्या आहेत. लीथ हिल, होम्बरी हिल आणि पिच हिल या तीन टेकड्यांपैकी सर्वांत उंच लीथ हिल, २९४ मीटर. १७६० च्या दशकात रिचर्ड हल या गृहस्थांना ही उंची हजार फुटांना थोडी कमी पडते याचं वाईट वाटलं, म्हणून त्यांनी माथ्यावर बुरूज बांधला. आता बुरुजाच्या टोकावर उभं राहिलं की हजार फूट भरतात. हलसाहेबांना त्या बुरुजाखालीच पुरलं आहे.

होम्बरी आणि पिच हिलच्या आसपासचं रान हर्टवुड म्हणून ओळखलं जातं. ते खासगी मालकीचं आहे, पण १९२६ मध्ये मालक रेजिनल्ड ब्रे यांनी जनतेला तिथे मोकळी हवा घ्यायला आणि हिंडायला-फिरायला कायदेशीर हक्क देऊन टाकला. देखभाल एक धर्मादाय संस्था लोकांच्या देणग्यांवर करते. पायथ्याच्या पीसलेक गावातलं एकुलतं एक दुकान चीज स्ट्रॉ या खारट कांड्यांसाठी सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. शनिवारी-रविवारी दुकानाबाहेर चिखलाने माखलेल्या सायकलींची रांग लागते.

या टेकड्यांचा उतार फार तर शंभर-सव्वाशे मीटरचा. तो सरळ खाली सोडला तर मजा मिनिटाभरात संपेल. म्हणून वाट घडवणारे उंची खर्च करताना अतिशय काटकसर करतात. भौतिकशास्त्राचा हिशेब असा: घर्षण नसतं, तर फक्त दहा मीटर खाली येऊन सायकल ताशी पन्नास किलोमीटरचा वेग घेईल. म्हणजे दहा मीटरसुद्धा पुष्कळ आहेत, ते पुरवून मात्र वापरायचे. वाट टेकडीच्या अंगाला बिलगून तिरपी उतरते, मध्येच थोडी चढते, पुन्हा उतरते. चढताना गेलेला वेग पुढच्या उतारावर परत मिळतो. वळणाची बाहेरची कड उंच केली की ब्रेक न लावता वळता येतं. छोट्या उंचवट्यांच्या माळेवर तर पायडल न मारताही वेग वाढवता येतो: खळग्यात सायकल खाली दाबायची, उंचवट्यावर अंग हलकं करायचं, झोपाळ्यावर उभं राहून झोका चढवतात तसं.

मधला चढ आणखी एक काम करतो. पाऊस पडला की पाणी वाटेवरून धावायला बघतं. थोडा चढ आडवा आला की ते तिथे अडून बाजूला उतरतं. हा चढ नसता तर एका हिवाळ्यात वाटेचा ओढा झाला असता. स्वाराला जी गंमत वाटते ती मुळात पाण्याचा बंदोबस्त असते.

आखून बांधलेल्या अशा वाटा जास्त करून सरकारी जंगलांत आहेत. पहिल्या महायुद्धात खंदकांना आणि कोळशाच्या खाणींना लाकूड पुरेना, तेव्हा १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि पाइनची लागवड सुरू झाली. नॉरफक आणि सफकच्या सीमेवरचं थेटफर्ड जंगल १९२२ पासून लावलेलं. तिथली जमीन इतकी रेताड की १६६८ मध्ये वाऱ्याने उडालेल्या वाळूने सँटन डाउनहॅम हे गाव अर्धंअधिक गाडलं होतं. शेतकऱ्याला शाप ठरलेली ती वाळू सायकलला वरदान ठरली. इंग्लंड चिखलात बुडालेलं असताना, जानेवारीतही थेटफर्डच्या वाटा कोरड्या असतात.

स्टॅफर्डशायरमधल्या कॅनक चेसला चाकाखाली गुळगुळीत गोल गोटे लागतात. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी आजच्या फ्रान्सच्या बाजूने उत्तरेकडे वाहत आलेल्या एका प्रचंड नदीने ते आणले. ती नदी गेली, गोटे राहिले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांमधली माउंटन बायकिंगची शर्यत याच जंगलात झाली. अशा ठिकाणी वाटांना अवघडपणानुसार हिरवा, निळा, लाल आणि काळा असे रंग दिलेले असतात. ही पद्धत बर्फावरच्या स्कीइंगमधून आली. ब्रिडलवेच्या निळ्या बाणाशी तिचा संबंध नाही, हे नवख्याने ध्यानात ठेवावं.

उद्यानांचा हट्ट

इंग्लंडचं सौम्य रूप सर्वांत जास्त दिसतं ते उमरावांच्या जुन्या उद्यानांत. लांबवर पसरलेली हिरवळ, मधूनच ओकचं एखादं एकटं झाड, वळणदार तळं, चरणारी हरणं. यातलं पुष्कळसं निसर्गाचं वाटतं आणि माणसाने केलेलं असतं. अठराव्या शतकात लान्सलॉट ब्राउन या माळ्याने, ज्याला लोक केपेबिलिटी ब्राउन म्हणत, शंभराहून कितीतरी जास्त उद्यानं अशी घडवली. टेकाडं छाटली, ओढे अडवले, झाडांचे पट्टे लावून क्षितिज झाकलं. पुढे काय आहे ते एकदम दिसू द्यायचं नाही, वळणावर उलगडायचं, ही त्याची रीत. आजचे वाटा घडवणारेही हेच करतात. ब्रिस्टलला लागून असलेलं ॲश्टन कोर्ट हे साडेआठशे एकरांचं जुनं उद्यान १९५९ मध्ये शहराने विकत घेतलं. तिथे हरणांच्या कुरणाशेजारून माउंटन बाइकची वाट जाते आणि शहरातली मुलं शाळा सुटल्यावर तिथे येतात.

अशी उद्यानं लोकांना आपोआप मिळाली नाहीत. लंडनच्या रिचमंड पार्कची कथा ऐकण्यासारखी आहे. १६३७ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने शिकारीसाठी तिथली जमीन भिंतीत कोंडली, पण जुन्या वाटांनी जायची मुभा ठेवली. पुढे १७५० च्या दशकात राजकन्या अमीलिया उद्यानाची प्रमुख झाली आणि तिने सामान्यांना फाटकं बंद केली. बिअर गाळण्याचा धंदा करणारे जॉन लुइस आत जायला गेले, पहारेकरणीने अडवलं, त्यांनी दावा ठोकला आणि १७५८ मध्ये तो जिंकला. न्यायालयाने विचारलं, भिंतीवरून जायला शिडी हवी की दार? लुइस यांनी शिडी मागितली, कारण दाराला कडी घालता येते. त्याच उद्यानात आज सव्वासहाशेच्या आसपास हरणं आहेत आणि भिंतीच्या आतून फिरणारी टॅमसिन ट्रेल ही सुमारे ११ किलोमीटरची कच्ची वाट चालणारे आणि सायकलवाले मिळून वापरतात. ही वाट आहे अगदी सोपी, आजोबा आणि नातवंडं जोडीने जातील अशी. तिच्यामागचा लढा मात्र सोपा नव्हता.

सौम्यपणा कधी आडही येतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी माउंटन बायकिंगची शर्यत आधी एसेक्समधल्या वील्ड कंट्री पार्क या जुन्या उद्यानात ठरली होती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेला तिथला भूभाग फारच सोपा वाटला आणि २००८ मध्ये जागा बदलली. नवी जागा होती थेम्सच्या मुखाजवळचं हॅडली फार्म, जॉन कॉन्स्टेबलने ज्याचं चित्र काढलं त्या पडक्या किल्ल्याच्या शेजारी. टेकडी तिथेही लहानच, म्हणून बाहेरून दगड आणून खडकाळ उतार रचले. पुरुषांच्या शर्यतीत दीड तासाच्या झुंजीनंतर चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर यांच्यात फरक राहिला एका सेकंदाचा. आता तिथे कुणीही जाऊन तेच दगड उतरून बघू शकतं.

चिखलाची देणगी

इंग्लंडच्या या मवाळ भूगोलाने सायकललाही काही दिलं. चिल्टर्न टेकड्यांच्या परिसरात जेफ ॲप्स नावाचा इंग्रज रचनाकार १९७० च्या दशकापासून चिखलात चालणारी सायकल बनवत होता. कॅलिफोर्नियातल्या सायकली कोरड्या, उघड्या डोंगरांवरून सुसाट उतरण्यासाठी होत्या. ॲप्सला हवी होती ओल्या जंगलात, मुळांवरून, हळू पण न अडता जाणारी. त्याने ताठ बसायची बैठक ठेवली, चाकाच्या तुंब्यात झाकलेले ब्रेक बसवले, मडगार्ड लावले आणि फिनलंडमध्ये बर्फासाठी बनणारे टायर मागवले. १९८० च्या सुमारास त्याने त्यातले काही मोठे टायर कॅलिफोर्नियात सायकली बनवणाऱ्या गॅरी फिशरकडे पाठवले. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं हे तिथेही पटलं, पण टायर पुरेसे मिळेनात आणि उद्योग २६ इंची चाकावर स्थिरावला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस २९ इंची चाक परत आलं आणि आज स्पर्धांमध्ये सर्रास तेच दिसतं. ॲप्सची कंपनी १९८४ मध्येच बंद पडली होती.

जाणार असाल तर

मुलीला भेटायला, शिकायला किंवा कामानिमित्त इंग्लंडला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या आता लहान नाही. लंडन ब्रिज आणि मादाम तुसाँ झाल्यावर एक दिवस या वाटांसाठी काढावा. मोठ्या जंगलांमध्ये सायकल भाड्याने मिळते. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यात ब्रिडलवे लांब हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेले असतात. खडूच्या टेकड्या मे ते सप्टेंबरमध्ये, हिवाळ्यात वाळूच्या. टायर जाड घ्या, पंक्चरचं सामान बरोबर ठेवा. घोडा दिसला की वेग कमी करा आणि मोठ्याने बोला. मागून मुकाट येणाऱ्या सायकलला तो बुजतो, माणसाचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. फाटक ज्या स्थितीत सापडलं त्याच स्थितीत सोडा. पिवळा बाण दिसला तर मागे फिरा.

आणि निळ्या बाणाची वाट कुणी तारा लावून किंवा पीक पेरून अडवलेली दिसली, तर तिथल्या स्थानिक कौन्सिलला कळवा. ती मोकळी करून देणं हे कौन्सिलचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि तक्रार पाहुण्यालाही करता येते.